वृद्धांची शुश्रूषा : एका दुर्लक्षित इतिहासाची ओळख

इतिहास म्हटला की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि तह उभे राहतात. परंतु आजारी म्हाताऱ्या माणसाला समाजाने कसे वागवले, याचाही एक इतिहास आहे. तो पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. त्याचा संबंध मात्र प्रत्येक घराशी येतो. म्हणून या लेखात त्याची थोडक्यात ओळख करून द्यावी, असे योजले आहे.

या इतिहासाचा मोठा भाग इंग्लंडमध्ये घडला. तेथे १८३४ साली गरिबांविषयीचा नवा कायदा झाला. ज्याला काम नाही, आधार नाही, अशा माणसाने ‘वर्कहाऊस’ नावाच्या आश्रयगृहात जावे, अशी व्यवस्था त्या कायद्याने पक्की केली. कोणी खुशीने येऊ नये म्हणून तेथील जिणे मुद्दामच कठीण ठेवले होते. हळूहळू या आश्रयगृहांत धडधाकट माणसांपेक्षा म्हातारी, आजारी आणि अपंग माणसेच अधिक दिसू लागली. त्यांची शुश्रूषा कोण करी? तेथेच राहणाऱ्या दरिद्री बायका! त्यांना शिक्षण नव्हते आणि त्यातल्या कित्येकींना दारूचे व्यसन होते.

लिव्हरपूल शहरातील ब्राउनलो हिल येथील आश्रयगृहाची स्थिती पाहून विल्यम रॅथबोन या व्यापारी गृहस्थाने फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्याकडे मदत मागितली आणि खर्चाची जबाबदारी स्वतः उचलली. १८६५ साली अ‍ॅग्नेस जोन्स ही परिचारिका आपल्याबरोबर १२ प्रशिक्षित परिचारिका घेऊन तेथे दाखल झाली. शेकडो रुग्ण, घाण, मारामाऱ्या आणि अपुरे साहित्य अशा परिस्थितीत तिने शिस्त आणली. स्वच्छ अंथरूण, वेळेवर अन्न आणि औषध या साध्या गोष्टींनी तेथील चित्र पालटू लागले. परंतु १८६८ साली टायफसच्या तापाने तिचा बळी घेतला. तेव्हा तिचे वय अवघे ३५ वर्षांचे होते. गरिबातल्या गरीब रुग्णालाही शिकलेल्या परिचारिकेची गरज असते, ही गोष्ट तिने आपल्या कामाने सिद्ध केली.

तरीही म्हाताऱ्या रुग्णांविषयीची एक समजूत कायम राहिली. ती अशी की, म्हातारपणाला औषध नाही. अशा माणसाला पलंगावर पडू द्यावे आणि वाट पाहावी. वृद्धांच्या आजारांचा स्वतंत्र अभ्यास व्हावा म्हणून न्यूयॉर्कच्या डॉ. इग्नाट्झ नॅशर यांनी १९०९ साली ‘जेरियाट्रिक्स’ हा शब्द रूढ केला. परंतु त्या शब्दाला प्रत्यक्ष रूप येण्यास आणखी पंचवीस वर्षे लागली.

१९३५ साली लंडनजवळील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारचे जुने आश्रयगृह ताब्यात घेतले. तेथील ७१४ खाटांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरेन या महिला डॉक्टरकडे आली. त्या खाटांवर पक्षाघात झालेले, मानसिक आजार असलेले आणि नुसतेच अशक्त असे सर्व प्रकारचे रुग्ण एकत्र पडून होते. कित्येकांची वर्षानुवर्षे नीट तपासणी झालेली नव्हती. डॉ. वॉरेन यांनी प्रत्येकाला तपासले, आजाराप्रमाणे त्यांचे गट पाडले, खोल्या उजळ केल्या आणि रुग्णांना उठवून बसवण्याचा व चालवण्याचा परिपाठ सुरू केला. त्यातून आश्चर्य वाटावे असा परिणाम दिसला. कायमचे अंथरुणाला खिळलेले मानलेले अनेक जण चालू लागले, काही घरी परतले आणि खाटांची गरज सुमारे २४० वर आली. १९४३ साली त्यांनी आपले विचार लेखरूपाने वैद्यकीय जगापुढे मांडले.

येथे विद्यार्थ्यांनी एक कारण समजून घ्यावे. माणूस दिवसेंदिवस पडून राहिला की स्नायू झिजतात, सांधे आखडतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. म्हणजे ज्याला आपण म्हातारपणाची दुबळेपणा समजतो, त्यातील बराचसा भाग निव्वळ पडून राहण्याचा असतो. रिचर्ड अ‍ॅशर या डॉक्टरांनी १९४७ साली अंथरुणाच्या या धोक्यांवरच लेख लिहून डॉक्टरांना सावध केले.

या इतिहासातले पुढचे पान एका परिचारिकेने लिहिले. पडून असलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर जखमा होतात. त्यांना शय्याव्रण म्हणतात. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्त पोचत नाही आणि ती जागा मरते. त्यावर नाना प्रकारची मलमे व स्पिरिट चोळण्याची प्रथा होती. डोरीन नॉर्टन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि तो १९६२ साली प्रसिद्ध झाला. चोळण्याच्या औषधांनी फारसे काही साधत नाही, रुग्णाची कूस ठराविक वेळाने बदलणे हाच खरा उपाय आहे, असे त्यातून दिसले. धोका ओळखण्यासाठी त्यांनी पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ४ गुण दिले : शरीराची स्थिती, मनाची स्थिती, चालण्याफिरण्याची ताकद, हातपाय हलवण्याची क्षमता आणि लघवी-शौचावरील ताबा. २० पैकी १४ किंवा त्याहून कमी गुण पडले, तर जपावे. महागडे यंत्र नको, फक्त डोळस नजर हवी!

आपल्या देशात २०११ च्या जनगणनेनुसार ६० वर्षे व त्यावरील माणसे १० कोटी ३८ लाख होती. आईवडिलांचा सांभाळ ही मुलांची कायदेशीर जबाबदारी ठरवणारा स्वतंत्र कायदा २००७ साली झाला. पण कायदा पोटगी देववू शकतो. रात्री दोन वाजता दादीची कूस बदलायला कायदा येत नाही. ते काम घरातल्या माणसानेच करायचे असते, आणि ते केवळ सूनबाईचे काम आहे असे मुलांनी समजू नये.

पालकांना आणखी एक विनंती. परिचारिकेचे काम हलके, अशी भावना काही घरांत अजून आढळते. अ‍ॅग्नेस जोन्सच्या काळी इंग्लंडमध्येही तीच भावना होती. शिकलेल्या मुली या कामात आल्या, तेव्हाच ती बदलली. आपल्या मुलीने किंवा मुलाने या शिक्षणाची इच्छा दाखवली, तर त्याला मोडता घालू नये. ज्या हातांनी आपल्याला चालायला शिकवले, ते हात थरथरू लागल्यावर धरण्याची विद्या ही कोणत्याही पदवीपेक्षा कमी प्रतीची नाही.