रस्त्यालगतचा भाजीपाला आणि जड धातू

वर्दळीच्या रस्त्यांलगत पिकणाऱ्या भाजीपाल्यात शिसे, कॅडमियम, जस्त, तांबे अशा जड धातूंचे प्रमाण वाढलेले आढळते. त्यांचा उगम केवळ वाहनांच्या धुरात नसतो. टायर झिजताना जस्त व अल्प प्रमाणात कॅडमियम, तर ब्रेकच्या घर्षणातून तांबे धुळीत मिसळते. ही झीज विजेवरील वाहनांमुळेही थांबत नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. मात्र धातूचे विघटन होत नसल्याने जुने शिसे मातीच्या वरच्या थरात दशकानुदशके टिकून राहते.

भाजीत हे धातू दोन मार्गांनी येतात. कॅडमियम मुळांवाटे शोषले जाऊन पानांपर्यंत सहज पोहोचते. शिसे मात्र बहुतांशी मुळांतच अडते. पानांवर आढळते ते मुख्यत्वे हवेतून बसलेल्या धुळीतील असते. पालक, मेथी, माठ या पालेभाज्यांना धोका अधिक, तो यामुळेच. वाहत्या पाण्यात धुतल्याने धूळ बरीचशी निघून जाते, पेशींत शिरलेला धातू निघत नाही.

शिशाची सुरक्षित पातळी ज्ञात नसल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बालकांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साचते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार पालेभाजीत किलोमागे शिसे ०.३ आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे.

रस्त्यापासूनचे अंतर येथे निर्णायक ठरते. बर्लिनमधील शहरी बागांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रस्त्यापासून दहा मीटरच्या आत वाढलेल्या भाज्यांत शिसे अधिक आढळले. मध्ये इमारत किंवा दाट झाडी असेल तेथे ते कमी होते.

भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने वाराणसीचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे बनारस हिंदू विद्यापीठाच्या संशोधकांनी भाज्यांचे शेतातील आणि बाजारातील असे दोन्ही नमुने तपासले. त्यांचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. बाजारातील नमुन्यांत धातूंचे प्रमाण शेतातील नमुन्यांहून जास्त निघाले. म्हणजे रस्त्यापासून दूर पिकलेली भाजीही वाहतुकीत आणि विक्रीच्या वेळी उघड्यावर राहिल्याने दूषित होऊ शकते. अशा स्थितीत केवळ शेतातील मातीची तपासणी पुरेशी ठरत नाही. चौकातल्या हातगाडीवरील जुडीचाही नमुना घ्यावा लागतो.