तळटीप : ‘बोर्डावर गप्पा’

‘बोर्ड’ म्हणजे इथे कुणाच्या तरी घरातला, मोडेमने टेलिफोनला जोडलेला संगणक. पहिला बोर्ड वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी फेब्रुवारी १९७८मध्ये शिकागोत सुरू केला. लाइन एकच, म्हणून एका वेळी एकालाच प्रवेश. बाकीच्यांना एंगेज टोन. निरोप लिहायचा, फोन ठेवायचा, उत्तरासाठी पुन्हा फिरवायचा. तेव्हा लेखकाचा ‘गप्पा’ हा शब्द जरा सैलच. अमेरिकेत स्थानिक कॉल बहुधा मासिक भाड्यातच जमा, परगावचा मात्र महाग. मग दूरचे बोर्ड गाठायला पोरांनी टेलिफोन कंपनीला चकवण्याच्या युक्त्या काढल्या, आणि त्यांची देवाणघेवाणही बोर्डांवरच चाले. ‘फ्रॅक’ हे हॅकरांचे नियतकालिक १९८५मध्ये सेंट लुइसच्या ‘मेटल शॉप’ या बोर्डावरूनच निघाले.