औषध आणि औषध देणारा हात : मुल्कोवाल १९०२ व मुंबई १९८६

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक व रोगी. प्रत्येक पादाचे चार गुण दिले आहेत. परिचारकाचे गुण येणेंप्रमाणें : उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शौच. औषधाच्या गुणांत ‘संपत्’ म्हणजे द्रव्य आपल्या गुणांनीं परिपूर्ण असणें हा गुण गणला आहे. औषध चांगलें असणें व तें चांगल्या रीतीनें दिलें जाणें, ह्या दोन गोष्टी ग्रंथकारानें निरनिराळ्या पादांत घातल्या, हा भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. औषधापासून अपाय झाला असतां दोष कोणत्या पादाचा, हें प्रथम ठरवावें लागतें. मुंबईशीं निगडित अशा दोन प्रकरणांत ह्या प्रश्नाचीं उत्तरें अगदीं उलट मिळालीं.

(१) १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला. वाल्देमार हाफकिन यांनीं त्यावर लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ त त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ जणांस परळची लस टोचण्यांत आली. पैकीं १९ जण धनुर्वातानें मरण पावले. ते सर्व ‘५३-एन’ ह्या एकाच कुपींतून टोचलेले होते. इतर कुप्यांतून टोचलेल्यांस कांहीं बाधा झाली नाहीं.

चौकशीमंडळानें दोष परळकडे दिला. हाफकिन यांनीं लशींत कार्बोलिक ॲसिड घालण्याची रीत सोडून केवळ उष्णतेवर भिस्त ठेविली होती, हें त्यांच्या विरुद्ध गेलें व त्यांस पदास मुकावें लागलें. परंतु बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला व तो ज्योतींत न धरतां नुसता कार्बोलिकाच्या पाण्यांत खळबळून वापरला गेला, असें साक्षींत नमूद होतें. लंडनच्या लिस्टर संस्थेनें पुराव्याची फेरतपासणी केली, रोनाल्ड रॉस प्रभृतींनीं हाफकिन यांचा पक्ष मांडला, आणि १९०७ त ते दोषमुक्त ठरले. १९२५ त परळच्या संस्थेस त्यांचेंच नांव देण्यांत आलें. येथें न्यून औषधाचें नव्हतें. परिचारकाच्या शौचाचें होतें.

(२) दुसरें प्रकरण जे. जे. रुग्णालयांतील आहे. १९८६ च्या आरंभीं तेथें ग्लिसरीन दिलेले १४ रोगी मूत्रपिंडें निकामी होऊन दगावले. मेंदूंतील व डोळ्यांतील दाब उतरविण्यासाठीं हें औषध देत असत. तपासणींत त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हें विष आढळलें. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानें खरेदी, तपासणी व औषधनियंत्रण ह्या सर्वांवर कडक ठपका ठेविला. १९८८ त अहवाल प्रसिद्ध झाला व आरोग्यमंत्री भाई सावंत यांनीं राजीनामा दिला. येथें देणाऱ्या हाताकडे दोष नव्हता. द्रव्याचें ‘संपत्’च नष्ट झालें होतें.

(३) परिचारिकांस आज पांच गोष्टी पडताळण्यास शिकवितात : योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ. नियम उत्तम आहे. तथापि वरील दोन्ही प्रकरणांस तो लावून पाहावा. मुल्कोवाल येथें माणसें, लस, मात्रा, मार्ग व वेळ हीं पांचही यथायोग्य होतीं. मुंबईंत कुपीवरील नांव हेंच औषधाचें प्रमाण मानलें, तर तेथेंही पांचही बरोबर होतीं. तरी एकंदर ३३ माणसें गेलीं. ह्यास्तव पांचांच्या जोडीस सहावी गोष्ट सांगतात ती नोंद. कोणत्या कुपींतून कोणास काय दिलें हें लिहिलेलें होतें, म्हणूनच ‘५३-एन’चा माग लागला, मृतांस ग्लिसरीन दिल्याचें कळलें, म्हणूनच विष सांपडलें. नोंद मेलेल्यास उठवीत नाहीं. पण पुढच्यास वांचविते, व निरपराध्यावरील आळही दूर करते.

(४) संग्राहकांस ह्यांतून एक विनंति करावीशी वाटते. जुन्या बाडांतून औषधांचे पाठ पुष्कळ मिळतात, पण मान कोणतें हें बहुधा लिहिलेलें नसतें. शार्ङ्गधराप्रमाणें मागध मानाचा मासा सहा गुंजांचा, तर कालिंग मानाचा आठ, क्वचित् सात गुंजांचा. सहाचे आठ झाले म्हणजे मात्रा एकतृतीयांशानें वाढली. आणि त्या पाठांत पारा किंवा बचनाग असेल तर केवढा अनर्थ! म्हणून असा पाठ छापतांना मान निश्चित करावें, तें न झाल्यास तसें स्पष्ट लिहावें. तसेंच जुन्या दवाखान्यांचीं औषधवाटपाचीं वह्यापत्रकें रद्दी समजून टाकूं नयेत. सनदा व महजर आपण जपतों त्या दक्षतेनें तींही जपावींत. दोष कोणाचा हें सांगणारा अस्सल कागद पुष्कळदां तोच असतो.