फ्रेंच भाषा (मराठीशी व देहू-चाकण परिसराशी संबंध)

लॅटिनपासून निघालेल्या रोमान्स भाषांपैकी एक. गॉल प्रांतातील रोमन सैनिक व व्यापारी यांची बोली लॅटिन हे तिचे मूळ. पुढे फ्रँक टोळ्यांच्या जर्मानिक बोलीचा तिच्यावर संस्कार झाला. स्ट्रासबुर्गच्या शपथा (842) हा तिचा सर्वांत जुना लेख मानतात. राजा पहिला फ्रान्स्वा याच्या 1539 च्या आज्ञेने न्यायालयीन कागदपत्रांतून लॅटिन हटली. 1635 मध्ये भाषेला शिस्त लावण्यासाठी फ्रेंच अकादमी स्थापन झाली. उच्चार मात्र लेखनाला मागे टाकून पुढे गेले होते. लॅटिन ‘सेप्तेम’चे ‘सेत’ झाले, तरी त्यातला ‘प’ आजही लिहिला जातो. संस्कृत ‘सप्त’, प्राकृत ‘सत्त’, मराठी ‘सात’ ही वाटचालही त्याच जातीची.

मराठीच्या या वाटचालीचा पायाभूत ग्रंथ फ्रेंचमध्येच लिहिला गेला. झ्यूल ब्लॉक (1880–1953) यांनी मराठीच्या घडणीवर लिहिलेला प्रबंध 1920 मध्ये पॅरिसला पुस्तकरूपाने निघाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो ‘मराठी भाषेचा विकास’ (1941) या नावाने मराठीत आणला. मराठीच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला तो आजही टाळता येत नाही.

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत फ्रेंच शब्द इंग्रजीमार्फत पोचले. ‘गॅरेज’ आणि ‘चासी’ मूळचे फ्रेंच. चासीच्या शेवटचा ‘स’ फ्रेंच लोक लिहितात पण उच्चारत नाहीत, आणि इथल्या कामगारांच्या तोंडीही तो नाही. मोटारींच्या काचा बनवणारी सँ-गोबँ आणि प्रसाधनांची लोरेआल या फ्रेंच कंपन्यांचे कारखाने चाकणला आहेत.

तरीही या परिसराचे फ्रेंचशी सर्वांत मोलाचे नाते जडले ते संत तुकारामांच्या इंद्रायणीकाठच्या देहूमुळे. गी देल्यूरी या जेझुइट अभ्यासकाने तुकोबांचे निवडक अभंग फ्रेंचमध्ये आणले. पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने ते 1956 मध्ये छापले. विठ्ठलभक्तीवरील देल्यूरी यांचा इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1960 मध्ये प्रसिद्ध केला. अभंगाला फ्रेंच ही अनुकूल भाषा आहे. लॅटिन वृत्तांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद तिने केव्हाच सोडला. तिचे पारंपरिक पद्य अक्षरे मोजते. अभंगही लघु-गुरू न पाहता अक्षरसंख्येवर चालतो; मोठ्या अभंगाचे चरण 6, 6, 6 आणि 4 अक्षरांचे असतात. आघातांवर चालणाऱ्या इंग्रजी पद्यात हा बांधा उतरवणे अधिक कठीण आहे.