गटबाजीचे खापर

रिपब्लिकन पक्षाचा विषय निघाला की निकाल तयार असतो: नेत्यांच्या अहंकाराने पक्षाची शकले झाली, एकी राहिली असती तर सत्ता दूर नव्हती. पक्षाच्या हितचिंतकांतही हे मत मुरले आहे. पण ते पुराव्यावर टिकत नाही.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात पक्ष स्थापन झाला आणि दोनेक वर्षांतच बी. सी. कांबळे ‘दुरुस्त’ गट घेऊन वेगळे झाले. दादासाहेब गायकवाडांना डाव्यांच्या सोबतीने भूमिहीनांचे लढे उभारायचे होते. कांबळ्यांना घटनेच्या चौकटीतले, शिकलेल्यांनी चालवलेले राजकारण हवे होते. गायरान आधी की विधिमंडळ, असा हा वाद. धोतर विरुद्ध पाटलोण म्हणून त्याची टर उडवणाऱ्यांना १९६४ चा देशव्यापी भूमिहीन सत्याग्रह आठवत नाही.

आता गणित पाहू. राज्यात अनुसूचित जाती जेमतेम १२ टक्के, त्याही गावोगाव विखुरलेल्या, आणि सगळ्या काही या पक्षामागे नाहीत. १९३२ च्या पुणे करारानंतर राखीव जागेचा निकालही सर्वांच्या मतांनीच लागतो. म्हणजे निवडून यायचे तर मोठ्या पक्षाची मते हवीत. मोठ्या पक्षाला मात्र अख्खा रिपब्लिकन पक्ष नको असतो. एक गट पुरतो, आणि जागावाटपात तो स्वस्तात पटतो. फुटीला गिऱ्हाईक आहे, एकीला नाही.

१९९८ हा एकीवाद्यांचा हुकमी एक्का. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून आणि जोगेंद्र कवाडे चिमूरमधून लोकसभेत गेले. चारही जागा खुल्या. हे यश मोठेच होते. पण त्यामागे काँग्रेसशी युती होती, हे सांगताना जीभ का अडखळते? एकी आतून कुरकुरत होती, हे मान्य. तरी १९९९ मध्ये काँग्रेसच दुभंगली आणि गवई काँग्रेसबरोबर, आठवले राष्ट्रवादीबरोबर गेले, हा योगायोग नव्हे.

अहंकार होताच. तो कोणत्या पक्षात नाही? केशवराव जेधे, शंकरराव मोरे शेतकरी कामगार पक्ष सोडून काँग्रेसमध्ये परतले. १९७८ मध्ये शरद पवारांनी वसंतदादांचे सरकार पाडले. त्यावरून कोणी त्यांच्या समाजाचा स्वभाव ठरवला नाही.