रैणी गावची गौरादेवी

मंडळाच्या भगिनींनो,

स्मरणिकेसाठी "एका थोर स्त्रीचे चरित्र" लिहून द्या, असे आपल्या अध्यक्षाबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे राणी किंवा विदुषी यांच्याविषयी लिहिण्याची माझी योग्यता नाही. परंतु जी शाळेची पायरीही चढली नाही, आपल्यासारखीच घरप्रपंच करणारी होती आणि एका खेड्यातल्या महिला मंडळाची अध्यक्षा होती, अशा एका आजीबाईची हकीगत मला ठाऊक आहे. तीच आज सांगते.

हिमालयात बद्रीनाथच्या वाटेवर जोशीमठ लागते. तेथून पुढे नीती खोऱ्याकडे गेले की ऋषिगंगा आणि धौलीगंगा यांच्या संगमाजवळ रैणी हे छोटे गाव आहे. जिल्हा चमोली. हा मुलूख तेव्हा उत्तर प्रदेशात होता, 2000 सालापासून उत्तराखंडात आहे. या गावाजवळच्याच लाता गावी 1925 साली गौरादेवींचा जन्म झाला. त्यांचा समाज भोटिया. मेंढरे पाळावीत, लोकर कातावी, विणावी आणि तिबेटशी व्यापार करावा, हा त्या लोकांचा पिढीजात व्यवसाय.

बाराव्या वर्षी लग्न होऊन गौरादेवी रैणीत आल्या. वयाच्या बाविसाव्या वर्षी कपाळीचे कुंकू गेले. पदरी अडीच वर्षांचा मुलगा, घरात सासूसासरे. त्यांनी शेत पाहिले, लोकरीचे काम पाहिले आणि मुलाला वाढवले. पुढे 1962 साली चीनशी युद्ध झाले, सरहद्द बंद झाली आणि तिबेटचा व्यापार संपला. मग शेती, थोडी लोकर आणि मिळेल ती मजुरी, यावरच घरे चालू लागली.

अशा डोंगरी गावात जंगल म्हणजे काय, हे बाईलाच विचारावे. चुलीचे सरपण, गुरांचा पाला, औषधाची मुळी, सारे तेथूनच यायचे, आणि ते आणायचे बाईनेच. जवळचे झाड तुटले की तिची वाट कोसभर लांबली. शिवाय 20 जुलै 1970 रोजी अलकनंदेला महापूर आला. घरेदारे, पूल, मोटारी वाहून गेल्या. वर उतारावरची झाडे तुटल्यामुळे माती धरून ठेवणारे काही उरले नाही, हे लोकांच्या ध्यानात येऊ लागले.

1972 साली रैणीच्या महिला मंगल दलाच्या अध्यक्षपदी गौरादेवींना बसवले. हे दल म्हणजे आपल्या मंडळाचीच बहीण म्हणा ना! गावाची स्वच्छता ठेवावी, गावच्या जंगलावर लक्ष ठेवावे, एवढेच त्यांचे काम.

त्या भागात गोपेश्वरचे श्री. चंडीप्रसाद भट्ट यांनी 1964 साली दशोली ग्राम स्वराज्य संघ स्थापन केला होता. विनोबाजींच्या सर्वोदयाच्या वाटेने जाणारी ही माणसे. आपल्या कुलाबा जिल्ह्यातील (आताच्या रायगडातील) गागोद्यात जन्मलेल्या विनोबांचा विचार इतक्या दूर रुजला, याचे मला कौतुक वाटते. या संघाने शेतीच्या अवजारांसाठी थोडी लाकडे मागितली तर मिळेनात, पण खेळाचे साहित्य करणाऱ्या एका कंपनीला मात्र झाडे देण्यात आली. तेव्हा झाडाला मिठी मारून उभे राहायचे, असे ठरले. "चिपको" हे नाव त्यावरूनच पडले. 1973 च्या एप्रिलमध्ये ज्या गावी प्रथम ही तोड अडवली, त्या गावाचे नावही "मंडल"च आहे!

पुढे रैणीच्या जंगलातील सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव झाला. तोड होऊ द्यायची नाही, असे गावाने ठरवले होते. 26 मार्च 1974 हा दिवस उजाडला. त्या दिवशी गावचे पुरुष चमोलीला गेले होते. लष्करासाठी घेतलेल्या जमिनींची भरपाई त्यांना त्याच दिवशी देऊ केली होती. संघाचे कार्यकर्ते तिकडे गोपेश्वरला अधिकाऱ्यांशी बोलण्यात गुंतलेले. गावात उरल्या बायका आणि पोरे. नेमके तेव्हाच मजूर आणि जंगल खात्याची माणसे गावाला वळसा घालून जंगलाकडे निघाली. एका लहान मुलीने ते पाहिले आणि धावत जाऊन गौरादेवींना सांगितले.

भगिनींनो, येथे क्षणभर थांबा. आपण असतो तर काय म्हटले असते? "पुरुषमंडळी येऊ देत, मग बघू." गौरादेवींनाही तसे म्हणता आले असते आणि कोणी बोल लावला नसता. पण पुरुष परत येईतो झाडे आडवी झाली असती. त्यांनी घरोघरी हाक दिली. बायका आणि मुली मिळून सत्तावीस जणी हातची कामे टाकून निघाल्या.

मजूर स्वयंपाकाच्या तयारीत होते. बायकांनी त्यांना शिवीगाळ केली नाही. तेही पोटासाठीच आलेले. जेवा आणि परत जा, असे त्यांना विनवले. एक जण मात्र दारूच्या नशेत होता. त्याने बंदूक रोखली. गौरादेवी पुढे झाल्या आणि म्हणाल्या की, हे जंगल आमचे माहेर आहे, घाल गोळी.

माहेर! दुसरा कोणताही शब्द इतका बोलका झाला नसता. माझ्या स्वतःच्या माहेरी, मावळात, देवराई आहे. तिच्यातली वाळकी काटकीही आमची आजी उचलू देत नसे. देवाचे भय घालून आजीने जे राखले, ते गौरादेवींनी नाते सांगून राखले.

मजूर माघारी फिरले. त्यांनी पुन्हा वर येऊ नये म्हणून वाटेवरची सिमेंटची फरशी बायकांनी उखडून टाकली आणि त्या थंडीत रात्रभर पहारा दिला. दुसऱ्या दिवशी पुरुष परतले, तेव्हा झाडे जागच्या जागी होती.

सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल आल्यावर 1976 च्या सुमारास त्या खोऱ्यातील सुमारे बाराशे चौरस किलोमीटर मुलखात दहा वर्षांसाठी तोड बंद झाली. गौरादेवी 1991 साली वारल्या.

गोष्ट येथे संपवली असती तर गोड झाली असती, परंतु पुढचेही सांगितले पाहिजे. 1982 साली तेथे नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झाले आणि ज्यांनी जंगल वाचवले, त्यांच्याच गुरांना व सरपणाला तेथे बंदी आली. नंतर ऋषिगंगेवर वीजप्रकल्प आला. त्याच्या सुरुंगांविरुद्ध गावकरी 2019 साली उच्च न्यायालयात गेले. 7 फेब्रुवारी 2021 रोजी डोंगरावरून बर्फ आणि खडक कोसळले, मोठा लोंढा आला आणि त्यात तो प्रकल्प वाहून गेला. दोनशेहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. रैणीची जमीन खचू लागली. त्याच वर्षी जूनमध्ये गौरादेवींचा पुतळाही गावातून काढून जोशीमठला हलवावा लागला. म्हणजे एकदा राखले की काम संपले, असे होत नाही. राखण रोजची असते, जशी घराची असते.

आणखी एक गोष्ट माझ्या मनाला लागते. बहुतेक लिखाणात गौरादेवींचे एकटीचेच नाव येते. बाकीच्या नुसत्या आकड्यात मोजल्या जातात. बंदुकीपुढे त्याही उभ्या होत्या, रात्रभर त्याही जागल्या. जिने धावत येऊन खबर दिली, ती तर "एक लहान मुलगी" एवढीच उरली.

"तुमचे मंडळ म्हणजे हळदीकुंकू आणि भिशी," असे आपल्याला घरी-दारी ऐकवतात. रैणीचे दलही कचरा काढणारेच होते. पण रोज एकत्र येण्याची सवय होती, म्हणूनच एका हाकेसरशी सत्तावीस जणी निघू शकल्या. हळदीकुंकवाला जमणाऱ्या हातांची किंमत मला तेव्हापासून कळली.

म्हणून एक विनंती करते. या स्मरणिकेत पदाधिकाऱ्यांचे फोटो येतील ते येवोत. पण शेवटच्या पानावर आपल्या सगळ्या सभासदांची नावे पूर्ण छापावीत. सतरंज्या घालणाऱ्या, चहा करणाऱ्या, वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या, आणि ज्या आता आपल्यात नाहीत त्यांचीही. यादी करायला मी तयार आहे. ज्यांना जुनी नावे आठवत असतील त्यांनी शनिवारी दुपारी मंडळात यावे.