नाडीहीन रोगाची कथा

पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा हात पाहावा, हा आपल्या वैद्यांचा नाडीपरीक्षेचा जुना दंडक. त्या हाती ठोका लागला नाही, तर घरची माणसे मुकाट्याने तुळशीपत्र शोधू लागत. परंतु तरुण स्त्री चालतीबोलती समोर बसलेली आहे आणि मनगटाशी नाडी नाही, अशी अवस्था करणारा एक रोग आहे. त्याची हकीकत आम्हांस वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

ज्यांचे नाव या रोगास मिळाले ते डॉ. मिकिटो ताकायासु कानाझावाचे नेत्रवैद्य. १९०५ साली जपानी नेत्रवैद्यांच्या सभेत त्यांनी विशीतील एका स्त्रीची हकीकत मांडली. तिच्या नेत्रपटलावर, दृष्टितंतूच्या मुखाभोवती, रक्तवाहिन्यांनी माळेसारखे कडे केले होते. नाडीविषयी ते काही बोलले नाहीत. मात्र ओनिशी आणि कागोशिमा या दोघांनी तेथेच आपल्या तशाच रोग्यांची माहिती दिली. त्यांच्या मनगटांशी नाडी लागत नव्हती! डोळा आणि हात यांचा संबंध असा भर सभेत जुळला. ताकायासुंचा निबंध १९०८ साली छापला गेला, आणि १९५१ साली शिमिझु व सानो यांनी इंग्रजीत लिहून ‘नाडीहीन रोग’ हे नाव रूढ केले.

नाव सुटसुटीत खरे, पण अपुरे. दाह होतो तो महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, आणि तिच्या शाखांच्या भिंतींस. भिंत जाड झाली की आतील वाट अरुंद होते. आणि जेथे मधला लवचिक थर नष्ट होतो तेथे तीच धमनी रक्ताच्या दाबाने फुगते. एकाच रोग्याच्या शरीरात अरुंदपणा व फुगवटा हे दोन्ही आढळू शकतात. मूळ कारण अद्याप निश्चित नाही. क्षयाकडे बोट दाखविले गेले, पण आरोप शाबीत झालेला नाही.

नावाचा अपुरेपणा मुंबईत विशेष स्पष्ट झाला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन (१९६८ साली भारतातील पहिले हृदयारोपण करणारे तेच) आणि विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किनरे आदी सहकाऱ्यांनी १९६३ साली महारोहिणीच्या मधल्या भागातील विकारावर निबंध प्रसिद्ध केला. जपानात मान आणि हात यांकडे जाणाऱ्या शाखा विशेष बिघडत. आपल्याकडे पोटातील महारोहिणी आणि मूत्रपिंडांच्या धमन्या अधिक. मूत्रपिंडास रक्त कमी पडले की रक्तदाब चढतो. म्हणजे आपल्याकडील रोगिणीची नाडी पुष्कळदा शाबूत असते आणि ती येते डोकेदुखीची तक्रार घेऊन.

यात आणखी एक फसगत आहे. डाव्या हाताची धमनी या रोगात वारंवार अरुंद होते. त्याच दंडावर पट्टा बांधला तर चढलेला दाब उतरलेला दिसतो, आणि तरुण मुलीला ‘काही नाही, अशक्तपणा आहे’ म्हणून घरी पाठविले जाते. एकाच साक्षीदाराच्या जबानीवर निकाल देणारे न्यायाधीश आम्ही पाहिले आहेत. येथे तर तो साक्षीदारही दुखापत झालेला! १९९० साली अमेरिकन तज्ज्ञांनी ठरविलेल्या निकषांत दोन दंडांतील दाबात १० मिलिमीटरहून अधिक फरक असणे, हा म्हणूनच एक निकष आहे. वेळीच ओळख पटली तर स्टेरॉइड औषधांनी दाह आवरता येतो आणि काही अरुंद धमन्या फुग्याने रुंदही करता येतात. त्यासाठी पट्टा दोन्ही दंडांवर बांधावा लागतो, आणि पायांची नाडीही पाहावी लागते.